सहकारी गृहनिर्माणाचे आद्य प्रवर्तक : कै. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी

मुंबईत घराचा विषय निघाला की 'सोसायटी' हा शब्द ओघानेच येतो. सोसायटीची वर्गणी, सोसायटीची वार्षिक सभा, सोसायटीचा चिटणीस, सोसायटीचे भाग-प्रमाणपत्र, हे सारे आता मराठी माणसाच्या संसारात इतके रुळले आहे की त्याचा उगम शोधावा असे सहसा कोणास वाटत नाही. एकट्या महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदलेल्या आहेत. या विशाल वृक्षाचे बीज मुंबईच्या गावदेवी भागात १९१५ साली पेरले गेले. ते पेरणारे पुरुष म्हणजे कै. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. सारस्वत समाजात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या कार्याचा लाभ मात्र एका समाजापुरता कधीच राहिला नाही. ज्यांच्या कानांवरून हे नाव कधी गेलेही नाही अशी असंख्य कुटुंबे त्यांनी पाडलेल्या वाटेनेच आपल्या हक्काच्या घरात शिरली आहेत.

तालमकी यांचा जीवनकाल १८५९ ते १९४८ असा प्रदीर्घ होता. कंपनी सरकारचा अंमल संपून राणीचे राज्य सुरू झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी ते जन्मले आणि स्वतंत्र भारताची पहाट पाहून त्यांनी देह ठेवला. या जवळजवळ नव्वद वर्षांच्या आयुष्यात त्यांनी उभारलेल्या संस्थांकडे क्रमाने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक संस्था पुढच्या संस्थेचा पाया आहे. आधी बचत, मग संघटना, मग घर, हा तो क्रम होय. त्यांच्या चरित्राचे सारे मर्म या क्रमात साठवलेले आहे.

पूर्वपीठिका

तालमकी हे चित्रापूर सारस्वत. महाजन कुटुंबांना या शाखेची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा देवांनाच स्थलांतर करावे लागले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, आणि अंत्रुज महाल देवभूमी झाला. त्याच धामधुमीत अनेक सारस्वत कुटुंबे गोवा सोडून दक्षिणेकडे कानडा प्रांतात गेली. गोकर्ण, कुमठा, होन्नावर, भटकळ, मंगळूर अशा ठिकाणी त्यांनी नव्याने बिऱ्हाडे थाटली. १७०८ साली त्यांच्या स्वतंत्र गुरुपरंपरेस आरंभ झाला आणि कालांतराने शिराली येथील चित्रापूर मठ हे तिचे पीठ झाले. भाषा, वेष व व्यवसाय यांवर कानड्याची छाप पडली. कुलदेवता मात्र गोमंतकातच राहिली. त्यामुळे ही मंडळी पिढ्यानपिढ्या कुळावी म्हणून मंगेशी, कवळे, नागेशी, रामनाथी येथे येत राहिली. घर सुटणे म्हणजे काय आणि ते पुन्हा उभे करणे म्हणजे काय, हे ज्या समाजाने इतिहासात अनुभवले होते त्याच समाजात गृहनिर्माणाचा हा प्रवर्तक जन्मास यावा, हा योग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

१८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. या एका सरकारी निर्णयाने कानड्यातील तरुणांचे तोंड मुंबईकडे वळले. मुंबईत विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले होते. उच्च न्यायालय १८६२ साली आले. शिक्षण घ्यावे, वकिली करावी, सरकारी वा व्यापारी कचेरीत नोकरी धरावी, या हेतूने तरुण मंडळी किनाऱ्यावरच्या आगबोटींतून मुंबईस उतरू लागली. होन्नावरास जन्मलेले सर नारायणराव चंदावरकर याच समाजातून पुढे आले, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९०० सालच्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. परंतु चंदावरकरांसारखे विरळा. येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्यास कारकुनी, मास्तरकी आणि गिरगाव-ठाकुरद्वाराकडच्या चाळींतील एखाद-दुसरी खोली एवढेच येत असे.

मुंबईतील निवाऱ्याचा प्रश्न

त्या काळच्या मुंबईत खोली मिळविणे किती दुरापास्त होते याची कल्पना आजच्या पिढीस करून द्यावी लागेल. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात गाठीच्या प्लेगचा रोगी आढळला. तो ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे आपल्याच गोव्याचे, हडफड्याचे सुपुत्र होते. प्लेगने शहर ओस पडले. लोक गावोगाव पळाले, अगणित माणसे दगावली, आणि १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती ७,७६,००६ पर्यंत खाली आली. साथ ओसरताच माणसांचा लोंढा परत फिरला आणि १९११ साली हीच संख्या ९,७९,४४५ झाली. दहा वर्षांत दोन लाखांची भर. घरे मात्र त्या मानाने वाढलीच नाहीत. शहरातील बहुसंख्य लोक एका खोलीत संसार करीत होते. सामाईक नळ, गॅलरीच्या टोकाशी सामाईक शौचकूप, खिडकीबाहेर हातभर अंतरावर दुसऱ्या चाळीची भिंत, असे त्या निवाऱ्याचे स्वरूप होते.

प्लेगच्या धड्यानंतर सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था कायद्याने स्थापन केली. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि मोकळ्या जागा आखून त्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने बांधकामास देणे, हे तिचे काम. परंतु आरंभीच्या काळात ट्रस्टने जितकी बिऱ्हाडे पाडली तितकी नवी बांधली नाहीत. पाडलेल्या घरातील माणसे शेजारच्या चाळीत शिरली, भाडी चढली आणि दाटी अधिकच वाढली. श्रीमंतास बंगला परवडत होता. गिरणीकामगारांसाठी ट्रस्टच्या चाळी थोड्याफार तरी उठत होत्या. या दोहोंच्या मध्ये जो पांढरपेशा नोकरदार वर्ग होता त्याच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. त्याला धर्मार्थ मिळणारी खोली घेण्यास संकोच वाटे आणि स्वतःचे घर बांधण्याइतका पैसा त्याच्यापाशी कधीच जमत नसे.

पहिली पायरी : बचत

या प्रश्नास तालमकी यांनी हात घातला तो घरापासून नव्हे, तर पैशापासून. भारतात सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली झाला. त्याचा मुख्य उद्देश खेड्यातील शेतकऱ्यास सावकाराच्या पाशातून सोडविणे हा होता. शहरातील कारकुनासही सावकार असतो, लग्नकार्यास, आजारपणास व मुलांच्या शिक्षणास त्यालाही जबर व्याजाने पैसा उचलावा लागतो, हे ओळखून तालमकी यांनी १९०६ च्या डिसेंबर महिन्यात मुंबईत सहकारी तत्त्वावरील पतसंस्था स्थापन केली. आपले गुरू व मार्गदर्शक कै. शामराव विठ्ठल कैकिणी यांचे नाव त्यांनी तिला दिले. शामराव विठ्ठल को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने ती संस्था पुढे नावारूपास आली आणि २००६ साली तिने शंभर वर्षे पूर्ण केली. स्वतः उभारलेल्या संस्थेस गुरूचे नाव देणाऱ्या या कृतीत त्यांच्या स्वभावाचे जे दर्शन घडते, ते पानभर स्तुतीनेही घडणार नाही.

या पतसंस्थेने सभासदांना कर्ज दिले, हे झाले तिचे उघड कार्य. तिचे खरे कार्य त्याहून खोल होते. दरमहा ठरलेली रक्कम भरणे, हिशेब उघड्यावर मांडणे, दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहणे आणि घेतलेले कर्ज वेळेवर फेडणे, या सवयी तिने लावल्या. ज्या समाजापाशी तारण ठेवण्यास जमीन वा सोने नव्हते, त्या समाजाची पत त्याच्या शब्दावर उभी राहिली. पाच वर्षांनी, १९११ च्या नोव्हेंबर महिन्यात, तालमकी यांनी कॅनरा सारस्वत असोसिएशनची स्थापना केली. शहरभर विखुरलेल्या कुटुंबांना एकमेकांची ओळख व्हावी, अडीअडचणीस माणूस उभे राहावे, हा तिचा हेतू. बचतीची शिस्त होती, आता संघटनाही झाली. घराचा विचार करण्याची वेळ आली होती.

गावदेवीचा प्रयोग

१९०४ च्या कायद्याखाली केवळ पतपेढ्या नोंदता येत असत. १९१२ साली नवा सहकारी संस्थांचा कायदा झाला आणि कर्जव्यवहाराखेरीज इतर कामांसाठीही संस्था काढण्यास मुभा मिळाली. म्हैसूर संस्थानात बंगळूर येथे १९०९ साली घरबांधणीची एक सहकारी संस्था निघालेली होती. मुंबई इलाख्यात मात्र हे क्षेत्र कोरे होते. तेथे १९१५ साली तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. मुंबईतील ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने गावदेवी भागात नव्याने आखलेल्या वसाहतीत संस्थेने पट्ट्याने जागा घेतली आणि तेथे इमारती उभ्या केल्या.

या संस्थेने जी पद्धत स्वीकारली ती भाडेकरू सहभागीदारीची होय. तिचे मूळ इंग्लंडातले. रॉचडेल गावच्या २८ गरीब कारागिरांनी १८४४ साली सहकारी दुकान काढले ही कथा सर्वश्रुत आहे. त्याच तत्त्वावर लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथे १९०१ साली भाडेकरूंनी एकत्र येऊन घरे बांधली. त्या पद्धतीत जमीन आणि इमारत ही दोन्ही संस्थेच्या नावे राहतात. सभासद संस्थेचे भाग घेतो, म्हणून तो सहमालक. आणि आपल्या बिऱ्हाडाचे भाडे संस्थेस देतो, म्हणून तो भाडेकरू. एकाच माणसाच्या अंगी मालक व भाडेकरू या दोन्ही भूमिका आल्या की भाडे वाढविण्यात कोणाचाच लाभ उरत नाही, हे या योजनेतील मर्म आहे.

हिशेब उदाहरणादाखल असा मांडता येईल. एका बिऱ्हाडामागे बांधकामाचा खर्च ३,००० रुपये आहे असे समजा. त्यापैकी ६०० रुपये सभासदाने भागांच्या रूपाने हप्त्याहप्त्याने भरले तर उरलेले २,४०० रुपये ठेवी व कर्ज यांतून उभारावे लागतील. त्यावर सालीना ५ टक्के व्याज धरले तर वर्षास १२० रुपये, म्हणजे महिन्यास १० रुपये होतात. त्यात जागेच्या पट्ट्याची रक्कम, नगरपालिकेचा कर, दुरुस्ती व कर्जफेडीचा निधी यांसाठी काही रुपये मिळवले की भाडे निश्चित झाले. खाजगी घरमालक याच आकड्यावर आपला नफा चढवितो आणि शहरात टंचाई वाढली की तो नफाही वाढवितो. संस्थेत नफा घेणारा कोणी नसल्याने भाडे खर्चाशी बांधलेले राहते. कर्ज फिटत जाईल तसतसे ते हलकेही होऊ शकते. सभासद गाव सोडून गेला तर त्याने आपले भाग संस्थेस परत करावयाचे आणि भरलेली रक्कम घेऊन जावयाचे. बिऱ्हाड चढ्या दराने विकून मधला पैसा खिशात घालण्यास तेथे वाव नाही.

अशी योजना कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात तिच्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात. इमारत पुरी होण्याआधी पैसे कोणाच्या भरवशावर द्यावयाचे? शेजाऱ्याने भाडे थकविले तर त्याचा भार कोणी उचलावयाचा? आणि आयुष्यभर पैसे भरूनही घर आपल्या नावावर होणार नसेल तर मुलाबाळांच्या हाती काय ठेवावयाचे? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर १९०६ च्या पतसंस्थेने आधीच देऊन ठेवले होते. ज्यांनी नऊ वर्षे एकमेकांना जामीन राहून कर्जे फेडली होती, ज्यांचे हिशेब एकमेकांना तोंडपाठ होते, त्यांना आणखी निराळ्या हमीची गरज नव्हती. भिंती उभ्या राहण्याआधी विश्वास उभा राहिला होता.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर महाजन कुटुंबांस परकीय वाटू नये. गोव्यातील गावकरीची जमीन कोणा एका गावकाराची नव्हे. ती गावाची असते. तिचे उत्पन्न गावाच्या बांधबंदिस्तीवर व देवकार्यावर खर्च होते आणि उरलेल्यातून गावकारास जोण मिळते. जमीन विकून मोकळे होण्याचा अधिकार त्यास नाही. देवस्थानाची मालमत्ताही देवाची. महाजन तिचा सांभाळ करतो, तिचा मानकरी असतो, पण ती आपल्या नावावर करून घेत नाही. हक्क वंशपरंपरेने चालतो, कर्तव्यही वंशपरंपरेने चालते आणि मालमत्ता मात्र अभंग राहते. तालमकी यांनी इंग्लंडातील नमुना घेतला हे खरे. परंतु तो रुजण्यास लागणारी माती सारस्वतांच्या अंगणात कित्येक शतके तयार होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

राहणीतील पालट

गावदेवीसारख्या वसाहतींनी मुंबईच्या राहणीलाही वेगळे वळण दिले. चाळीच्या सलग गॅलरीऐवजी जिन्याभोवती बांधलेली स्वतंत्र बिऱ्हाडे, ज्यांस मुंबईकर 'ब्लॉक' म्हणू लागले, ती पुढील दोन-तीन दशकांत मध्यमवर्गाच्या घराचा नमुना ठरली. हा पालट सहजासहजी झाला नाही. शौचकूप घराच्या चार भिंतींच्या आत असावे ही कल्पना सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या मंडळींना मानवणारी नव्हती. स्वयंपाकघर व देवघर त्यापासून दूर कसे ठेवावे, याचा विचार करून बिऱ्हाडांचे नकाशे आखावे लागले. परंतु एकदा दार लावून घेता येईल असे घर मिळाल्यावर आजाऱ्यास विश्रांती, विद्यार्थ्यास शांतता आणि गृहिणीस थोडा मोकळा श्वास मिळतो, हे अनुभवाने पटले. मुंबईतील मध्यमवर्गाची पुढील शैक्षणिक प्रगती या दाराआड घडली, याचा विसर पडू नये.

प्रसार आणि लेखन

पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकाम थंडावले आणि भाडी इतकी भडकली की १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. नेमक्या याच काळात सहकारी घरबांधणीची कल्पना इतर समाजांतही पसरू लागली. वांद्र्यास १९१८ साली साष्टीच्या कॅथॉलिक बांधवांनी आपली गृहनिर्माण संस्था काढली. त्याच साली गिरगावात सारस्वत मंडळींनी सारस्वत बँकेच्या रूपाने सहकारी पेढीचा पाया घातला. १९२० साली सरकारने विकास खाते स्थापून वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे कामगारांसाठी चाळी बांधण्यास घेतल्या. सरकार मोठ्या आकड्यांनी खोल्या बांधीत होते. त्या खोल्यांत राहणाऱ्यास मात्र नकाशापासून भाड्यापर्यंत कशातही शब्द नव्हता. सहकारी संस्थेत तो होता. दोन्हींतील फरक विटा-सिमेंटचा नव्हता, अधिकाराचा होता.

चित्रापूर सारस्वतांची वस्तीही गावदेवीपुरती राहिली नाही. सांताक्रूझ येथे त्यांची सहकारी वसाहत झाली, आणि ताडदेव भागात जी वसाहत उभी राहिली ती तालमकीवाडी या नावाने मुंबईकरांच्या परिचयाची झाली. गुरूचे नाव बँकेस देऊन स्वतः मागे राहिलेल्या या पुरुषाचे नाव अखेर लोकांनीच एका वाडीस दिले, यात काव्यात्म न्याय आहे. रावबहादूर हा किताब सरकारने दिला होता. वाडीच्या पाटीवरील नाव समाजाने दिले.

कृतीबरोबर लेखनाकडेही तालमकी यांनी दुर्लक्ष केले नाही. भारतातील व परदेशांतील सहकारी चळवळीचा परामर्श घेणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३१ साली मंगळूरच्या बासेल मिशन छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यानंतर, वयाच्या पंचाहत्तरीनंतर, त्यांनी आणखी एक कष्टाचे काम हाती घेतले. चित्रापूर सारस्वत घराण्यांच्या वंशावळी गोळा करून १९३५ ते १९४० या काळात त्या तीन भागांत त्यांनी प्रकाशित केल्या. वरवर पाहता घरबांधणीचा व वंशावळींचा काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे. शहरात आलेल्या माणसास डोक्यावर छप्पर हवे, तसा पायाखाली आपल्या मुळांचा आधारही हवा. एका हाताने त्यांनी छप्पर दिले, दुसऱ्या हाताने मुळांची नोंद केली.

कार्याच्या मर्यादा

थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या कार्याच्या मर्यादा झाकू नयेत. त्यामुळे त्याचे थोरपण उणे होत नाही. गावदेवीची घरे स्वस्त होती ती मध्यमवर्गाच्या मानाने. भागांची रक्कम भरण्याइतकी ज्याची मिळकत नव्हती, त्या हमालास वा गिरणीकामगारास त्या घराचे दार बंदच होते. सहकारी तत्त्व नफा काढून टाकते, खर्च नव्हे. आणि ज्याला खर्चच झेपत नाही त्याला तत्त्वाचा उपयोग नसतो. म्हणून गरिबांच्या घरांसाठी सरकारी साहाय्य लागतेच, ही गोष्ट पुढच्या काळात सर्वत्र अनुभवास आली.

दुसरी मर्यादा समाजाच्या कुंपणाची. एका ज्ञातीच्या ओळखीवर विश्वास लवकर उभा राहतो हे खरे. परंतु त्याच कुंपणामुळे बाहेरचा माणूस बाहेरच राहतो हेही तितकेच खरे. मुंबईत अनेक वसाहती समाजवार वसल्या त्याचे एक कारण येथे आहे. हा वाद पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा पोटनियम संस्थेस करता येतो, असा निर्णय २००५ साली न्यायालयाने दिला. कायद्याने प्रश्न मिटला. विचाराने मिटलेला नाही. तालमकी यांच्या काळी अपरिचित नगरात टिकाव धरण्यासाठी जो आधार होता, तो स्थिरावलेल्या समाजाच्या हाती दुसऱ्यास दूर ठेवण्याचे साधन होऊ नये, एवढी दक्षता त्यांच्या वारसांनी घ्यावयास हवी.

उलटलेला क्रम

१९४७ साली भाडेनियंत्रणाचा नवा कायदा आला. भाडी गोठली आणि भाड्यासाठी इमारती बांधणे मालकांस परवडेनासे झाले. १९४८ साली तालमकी यांचे देहावसान झाले. त्यानंतर मुंबईत मालकीच्या सदनिकांचा काळ सुरू झाला. १९६० साली महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा स्वतंत्र कायदा झाला, तर १९६३ साली बांधून विकल्या जाणाऱ्या सदनिकांसंबंधीचा कायदा. या दुसऱ्या कायद्याने बिल्डरवर बंधने घातली आणि सदनिका घेणाऱ्यांची संस्था नोंदवून देण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली. घेणाऱ्याच्या संरक्षणासाठी हे आवश्यकच होते. परंतु त्याबरोबर तालमकी यांचा क्रम पूर्णपणे उलटला.

त्यांच्या योजनेत आधी माणसे एकत्र येत, मग बचत होई, मग संस्था नोंदली जाई, मग जमीन घेतली जाई आणि शेवटी घर उभे राही. आता आधी इमारत उभी राहते, मग सदनिका विकल्या जातात, आणि परस्परांना न ओळखणारी माणसे शेवटी एका संस्थेचे सभासद होतात. संस्थेचे काम उरते ते पाण्याचे, जिन्याचे व उद्वाहकाचे. नावात सहकार असतो. सहकार शिकण्याची संधी मात्र कोणास मिळालेली नसते. वार्षिक सभेस गणपूर्ती होत नाही, थकबाकीवरून शेजारी न्यायालयात जातात, चिटणीसपद घेण्यास कोणी पुढे येत नाही, या आजच्या तक्रारींचे मूळ या उलटलेल्या क्रमात आहे. २०१९ साली सहकारी कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्याने नियम सुधारले. परंतु नऊ वर्षे एकमेकांना जामीन राहून जे मिळते ते कोणत्याही कलमाने मिळत नाही.

गावदेवीच्या संस्थेने २०१५ साली शंभर वर्षांचा टप्पा ओलांडला. मुंबईच्या मध्यवस्तीतील जमिनीस आज जे मोल आले आहे त्याची कल्पना १९१५ साली कोणास येणे शक्य नव्हते. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न आता शहरातील प्रत्येक जुन्या संस्थेपुढे येतो आहे, आणि त्याबरोबर एक मोह येतो. पूर्वजांनी राहण्यासाठी ठेवलेली जागा विकून प्रत्येकाने आपापला वाटा घ्यावा, की पुढच्या पिढीतील अल्प मिळकतीच्या कुटुंबासही तेथे दार उघडे ठेवावे? तालमकी यांनी घराची किंमत कधी बाजारभावाने मोजली नाही. त्या घरात राहणाऱ्यास महिन्याकाठी काय झेपेल, या मापाने मोजली. हे माप सोडले की संस्था उरेल, सहकार उरणार नाही.

देवस्थानाच्या उत्पन्नावर नजर न ठेवता देवस्थानाचा भार उचलणारे महाजन ज्या कुटुंबांत झाले, त्या कुटुंबांस हा विचार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पूर्वजांनी जे सामाईक ठेवले ते सामाईक राखूनच पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे असते. घर या गोष्टीलाही तोच नियम लावून दाखविणारे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचे स्मरण म्हणूनच औचित्याचे आहे. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.